‘परत जाणार कशावरून?’ : थाई सासूबाई, पर्यटक व्हिसा आणि जन्माची उतरंड

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या चळवळीतली बरीच मंडळी थायलंडला जाऊन आली. कोणी अयुथयाचे भग्न विहार पाहायला, कोणी ध्यानशिबिराला, कोणी नुसतेच फिरायला. जाणे सोपे झाले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवली आणि १५ जुलै २०२४ पासून ९३ देशांच्या नागरिकांना, त्यात आपणही आलो, व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची मुभा दिली. विमानतळावर शिक्का मारून घ्यायचा आणि बाहेर पडायचे. परत आल्यावर फोटो टाकायचे आणि ‘बौद्ध देश कसा असतो’ यावर एक लांबलचक पोस्ट लिहायची. या पोस्टींत एक प्रश्न मात्र मला कधी दिसला नाही. ज्या थाई माणसाने आपल्याला हसून आत घेतले, त्याच्या घरच्यांना बाहेर कुठे जायचे असेल तर त्यांचे काय होते?

समजा, उदोन थानी प्रांतातले एक गाव आहे. थायलंडचा हा ईशान्य भाग, त्याला तिथे ईसान म्हणतात. भातशेती, कोरडवाहू जमीन, लाओशी जवळची बोली, आणि पिढ्यान् पिढ्या बँकॉकला मजुरीला जाणारी माणसे. या गावातली एक मुलगी जर्मन माणसाशी लग्न करून जर्मनीत गेली. तिला मूल झाले. आईला नातवंड बघायला, बाळंतपणात लेकीजवळ राहायला जायचे आहे. जावयाला सासुरवाडीला यायचे तर तो तिकीट काढतो आणि येतो. सासूबाईंना जायचे तर आधी अर्ज, मग वेळ घेणे, मग रात्रभराचा बस प्रवास करून साडेपाचशे किलोमीटरवरच्या बँकॉकला जाणे, तिथे बोटांचे ठसे देणे, ३०,००० युरोचा प्रवास-विमा काढणे, आणि ९० युरो शुल्क भरणे. नाकारले तरी हे शुल्क परत मिळत नाही. थायलंडमध्ये २०२५ च्या सुरुवातीला किमान रोजची मजुरी प्रांतानुसार ३३७ ते ४०० बाट होती. म्हणजे नुसते शुल्कच सुमारे नऊ-दहा दिवसांची मजुरी. बसभाडे, भाषांतरे, विमा आणि अर्ज गोळा करणाऱ्या खाजगी केंद्राचा आकार वेगळा. (हे अर्ज गोळा करण्याचे काम जगभर करणारी सर्वात मोठी कंपनी २००१ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. अमेरिकन व्हिसासाठी लागणाऱ्या रांगांतून हा धंदा जन्माला आला.)

पैशाचे एक वेळ बाजूला ठेवू. खरा मुद्दा अर्जामागच्या प्रश्नाचा आहे. तो प्रश्न ‘तू कशासाठी जातेस?’ एवढाच नसतो. ‘तू परत जाणार कशावरून?’ हा असतो.

अमेरिकेने हे सर्वात उघडपणे लिहून ठेवले आहे. १९५२ च्या तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(ब) प्रमाणे पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे त्याने वकिलातीतल्या अधिकाऱ्याची खात्री पटेल अशा रीतीने सिद्ध करायचे. बँकॉक किंवा चियांग माईच्या खिडकीपुढे त्यासाठी मिळतात दोन-चार मिनिटे, आणि जून २०२३ पासून त्या मिनिटांचे शुल्क झाले १८५ डॉलर. ब्रिटनच्या नियमांत शब्द आहे ‘खरा पाहुणा’, म्हणजे मुदत संपायच्या आत निघून जाईल असा. युरोपातल्या शेंगेन देशांच्या नकारपत्रावर छापील चौकटी असतात, त्यातल्या एका चौकटीचा अर्थ असा की तुम्ही मुदतीत परत जाल याबद्दल आम्हाला रास्त शंका आहे. त्या चौकटीत खूण केली की विषय संपला. चोरीच्या आरोपीलासुद्धा न्यायालय गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष धरते. इथे काहीच न केलेल्या आजीने, भविष्यात आपण काहीतरी करणार नाही, हे सिद्ध करायचे असते. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा?

मग पुरावा म्हणून काय चालते? नोकरीचे पत्र, पगाराच्या नोंदी, सहा महिन्यांचे बँक खाते, जमिनीचे कागद, मागे राहिलेले नवरा-मुले. या यादीकडे नीट बघा. मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या बँकॉकच्या माणसाच्या टेबलाच्या खणात हे सगळे तयार असते. थायलंडमधले निम्म्याहून अधिक कामकरी असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांना पगारपत्रक देणार कोण? गावच्या बाजारात सोम-ताम विकणाऱ्या बाईला ‘मालकाकडून रजा मंजूर झाल्याचे पत्र आणा’ म्हणायचे, म्हणजे तिच्या जगण्याची चेष्टा आहे. लेकीने किंवा जावयाने आईच्या खात्यात पैसे पाठवले तर अधिकारी म्हणतो, रक्कम अर्जाच्या तोंडावर आली आहे, संशयास्पद आहे. नाही पाठवले तर म्हणतो, पुरेसा पैसा नाही.

जमिनीचे उदाहरण तर आपल्या लोकांना लगेच कळेल. थायलंडमध्ये पूर्ण मालकीच्या कागदाला ‘चानोत’ म्हणतात. पण ईसानमधल्या कितीतरी शेतकऱ्यांकडे ‘सो पो को’ नावाचा कागद आहे, भू-सुधारणेत मिळालेल्या जमिनीचा. ती कसायची, वारसाला द्यायची, पण मोकळ्या बाजारात विकायची नाही. आपल्याकडे १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा राहिला, तसेच काहीसे. विकता येत नाही म्हणून बाजारभावाने तिची किंमत कमी. आता विचार करा, माणसाला गावाशी जास्त बांधून काय ठेवते? विकता येणारा बँकॉकमधला फ्लॅट की विकताच न येणारे, आजोबांपासून कसलेले भातखाचर? व्हिसाच्या हिशेबात मात्र फ्लॅट वजनदार ठरतो. ‘मायदेशाशी असलेले बंध’ असे गोड नाव देऊन प्रत्यक्षात मोजली जाते ती मालमत्ता.

कागदांचा आणखी एक जाच आहे. थाई कागदांवर तारखा बुद्धवर्षात असतात. इसवी सनात ५४३ मिळवायचे. सन २०२५ म्हणजे तिथे २५६८. आपण लग्नपत्रिकेवर आणि वर्षावासाच्या पत्रकावर हौसेने बुद्धवर्ष छापतो, तिथे ते जन्मदाखल्यावर आणि घराच्या नोंदवहीवर, ‘थाबियन बान’वर, रोजच्या कारभारात आहे. (आपले आणि त्यांचे बुद्धवर्ष एका वर्षाने चुकते. २५००वी बुद्धजयंती भारतात १९५६ ला झाली, थायलंडात १९५७ ला.) भाषांतरात एक आकडा चुकला की अर्जदाराचे दोन जन्मदिनांक होतात. त्यात नावांचा गोंधळ. थायलंडात आडनावे आली तीच १९१३ च्या कायद्याने. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावण्याची सक्ती तिथल्या घटना न्यायालयाने २००३ मध्ये रद्द ठरवली, तोवर बायकांची नावे लग्नाने बदलत, घटस्फोटाने पुन्हा बदलत. शुभ नाव म्हणून पहिले नाव बदलणेही तिथे सर्रास चालते. म्हणजे आईचे एक नाव, लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचे दुसरे, आणि दोघींचे नाते दाखवायला मध्ये तीन दाखल्यांची साखळी. धर्मांतरानंतर जातीचा वास येणारी आडनावे टाकून दिलेल्या आपल्या घरांत राजपत्राची झेरॉक्स का जपून ठेवतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको.

यात बाईपणाचा भाग वेगळा. साठीच्या आईपेक्षा पंचविशीच्या, अविवाहित, बेताच्या कमाईच्या धाकट्या बहिणीचा अर्ज अवघड. ती बहिणीकडे पाहुणी म्हणून चालली आहे यावर सहज विश्वास बसत नाही, कारण ईसानची तरुण बाई म्हटले की अधिकाऱ्याच्या डोक्यात एक चित्र आधीच तयार असते. हे चित्र कुठून आले? व्हिएतनाम युद्धाच्या काळात उदोन, उबोन, कोरात इथे अमेरिकेचे हवाई तळ होते. सैनिकांच्या ‘विश्रांती’साठी तिथे जो धंदा उभा राहिला तो गरीब शेतकऱ्यांच्या मुलींवर. युद्ध संपले, तळ गेले, बाजार पर्यटकांसाठी उरला. ज्या देशांच्या पुरुषांनी हा बाजार चालवला, त्याच देशांच्या वकिलाती आज त्या भागातल्या मुलीकडे संशयाने बघतात. पच्छरिन लपानुन या थाई संशोधिकेने ईसानमधल्या एका गावातल्या अशा परदेशी लग्नांवर २०१९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले आहे. त्याच्या नावातच प्रेम, पैसा आणि कर्तव्य असे तीन शब्द एकत्र आहेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. प्रेम असेल तर पैसा नसावा आणि पैसा असेल तर प्रेम खोटे, ही विभागणी पोटभर जेवलेल्यांची आहे. आईवडिलांना घर बांधून देणारी मुलगी दोन्ही एकत्र जगत असते. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांत पगार, फ्लॅट आणि पोटजात विचारतात, तेव्हा कोणी खरेपणाचा पुरावा मागत नाही.

आता आक्षेप. देशांना आपल्या सीमा सांभाळण्याचा अधिकार नाही का? पर्यटक म्हणून येऊन राहून जाणारे लोक नाहीत का? आहेत. दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. तिथे थाई लोकांना पर्यटक व्हिसा लागत नाही, पण २०२१ पासून निघण्याआधी ऑनलाइन परवानगी लागते. एक लाखाहून जास्त थाई लोक तिथे मुदत उलटून राहिले आणि शेतांत, कारखान्यांत, मसाज पार्लरांत कामाला लागले. त्यांना थाई भाषेत ‘फी नोय’ म्हणतात, म्हणजे छोटी भुते. असून नसलेली माणसे. परिणामी कोरियन विमानतळावर साध्या थाई प्रवाशांनाही अडवून, चौकशी करून परत पाठवायला सुरुवात झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘कोरिया सहलीवर बंदी’ असा हॅशटॅग थायलंडभर गाजला.

त्या संतापात मला जास्त बोलके वाटले ते दुसरेच काही. बँकॉकच्या मध्यमवर्गाची तक्रार मुख्यतः अशी होती की आम्ही हॉटेलचे पैसे भरलेले, इंग्रजी बोलणारे, नोकरदार लोक. आम्हाला तुम्ही त्या भुतांच्या रांगेत कसे काय उभे करता? राग कोरियन अधिकाऱ्यावर होता तेवढाच स्वतःच्या देशातल्या गरिबांवर. कोबीच्या शेतात कायदेशीर कागदाविना बारा तास राबणारा तो माणूस का गेला, कायदेशीर मजूर-परवान्याचा रस्ता एवढा चिंचोळा का, कोरियन शेतमालकाला तो हवासा का वाटतो, हे विचारणारे थोडे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल जे सांगितले ते इथे स्पष्ट दिसते. प्रत्येक पायरीवरच्याला वरचा जाच दिसतो, पण त्याहून जास्त काळजी असते ती खालच्या पायरीवरच्याशी आपली गणना होऊ नये याची. त्यामुळे उतरंडीविरुद्ध सगळे एकत्र येतच नाहीत.

पासपोर्ट म्हणजे जात, असे सरसकट म्हणायला मी तयार नाही. पासपोर्ट बदलता येतो, निदान काहींना. जातीला विटाळाची, धर्मग्रंथांची जोड आहे, ती इथे नाही. पण दोन्हीत एक धागा सारखा आहे. जन्म कुठे झाला यावरून तुमच्या शब्दाची किंमत ठरते, आणि नंतर तुम्ही काय केले ते फार उशिरा विचारले जाते. आपणही याच रांगेत आहोत. शेंगेनच्या यादीत थाई आणि भारतीय दोघांनाही व्हिसा लागतो, शुल्कही तेच.

हा संशय निसर्गाने दिलेला नाही, तो लिहिलेला आहे, याचा पुरावा युरोपच्याच कायद्यात आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या मुक्त संचाराच्या निर्देशाप्रमाणे संघातील नागरिकाची परदेशी पत्नी त्याच्यासोबत, किंवा त्याच्याकडे, त्याच्या स्वतःच्या देशाखेरीज संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल तर तिला व्हिसा मोफत आणि लवकर द्यावा लागतो. तिने लग्नाचा पुरावा आणि दोघांची ओळखपत्रे द्यायची. बँकेची शिल्लक, नोकरीचे पत्र, परतीचे बंध मागायचे नाहीत. पत्नीच्या आईवडिलांनाही, ते त्या दांपत्यावर अवलंबून असतील तर, हीच सवलत आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातली उदोनची मुलगी लग्नानंतर अजून गावीच असेल आणि जर्मन नवऱ्यासोबत स्पेनला सुट्टीला जायचे म्हणेल तर ती हक्काने जाते. नवऱ्याच्या गावी, जर्मनीत, पाहुणी म्हणून जायचे म्हणेल तर पुन्हा ‘परत जाणार कशावरून?’. बाई तीच, पासपोर्ट तोच, खात्यातले पैसे तेवढेच. एका कायद्यात ती पत्नी आहे, दुसऱ्यात संशयित. हा निर्देश किती थाई कुटुंबांना माहीत असतो? एजंट सांगत नाही, कारण मोफत व्हिसात त्याचे कमिशन नाही.

आणि जिथे हक्क होते तिथे ते काढून घेतले जात आहेत. ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला येणाऱ्याचा व्हिसा नाकारला तर पूर्वी अपील करता येई. २०१३ च्या जूनमध्ये ते अपील बंद झाले. आता पुन्हा अर्ज करा, पुन्हा शुल्क भरा. जर्मनीत नकाराविरुद्ध त्याच वकिलातीकडे विनाशुल्क फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून तोही रस्ता जगभर बंद केला, उरले फक्त बर्लिनचे न्यायालय. उदोनच्या आजीने बर्लिनला वकील लावायचा! कागदावर हक्क ठेवायचा आणि तो वापरण्याची किंमत एवढी वाढवायची की कोणी वापरूच नये, ही युक्ती आपल्याला नवीन नाही.

जे लोक आपल्या ओळखीच्या थाई कुटुंबांना अर्जात मदत करतात, आणि विहारांच्या संपर्कामुळे असे काही कार्यकर्ते आपल्यात आहेत, त्यांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. खोटे नोकरीपत्र, भाड्याने आणलेली बँक शिल्लक यांच्या नादी लागू देऊ नका. अमेरिकेच्या कायद्यात खोट्या माहितीबद्दल कायमची दारबंदी आहे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंतची. एजंट आपले पैसे घेऊन मोकळा होतो आणि आजीचे नातवंड शाळेत जायला लागते. त्यापेक्षा खरी परिस्थिती खऱ्या शब्दांत लिहा. शेती आहे, पगारपत्रक नाही, भाताची लावणी जुलैत आहे म्हणून त्याआधी परत यायचे आहे, खर्च जावई करणार आहे आणि त्याचे हे हमीपत्र. जर्मनीत यजमानाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाची औपचारिक हमी देण्याची सोय आहे, ती वापरा. नावबदलाचे सगळे दाखले क्रमाने लावा. नकार आला तर कारणाची चौकट वाचा आणि शेंगेन कायद्यात अपिलाचा हक्क आहे, त्याची मुदत पत्रावरच लिहिलेली असते, ती जाऊ देऊ नका.

हे सगळे झाले ज्यांच्या हातात पासपोर्ट आहे त्यांच्याबद्दल. थायलंडच्या आतही उतरंड आहे, आणि बौद्ध देश म्हणून तिच्याकडे डोळेझाक करायचे कारण नाही. डोंगराळ भागातल्या आणि सीमेवरच्या जमातींतले लाखो लोक थायलंडमध्ये राज्यविहीन आहेत. जन्मले तिथेच, पण नागरिक नाहीत. २०१८ मध्ये थाम लुआंगच्या गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकला, साऱ्या जगाने श्वास रोखून ती सुटका पाहिली. त्यांतली तीन मुले आणि प्रशिक्षक राज्यविहीन होते. पूर्वी श्रामणेर राहिलेल्या या प्रशिक्षकाने अंधारात मुलांना ध्यान शिकवून शांत ठेवले, त्याच्याकडे स्वतःच्या देशाचे ओळखपत्र नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये चौघांना नागरिकत्व मिळाले आणि दोन महिन्यांत हा संघ युवा ऑलिंपिकच्या उद्घाटनाला अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला गेला. जगाचे कॅमेरे तोंडावर आले म्हणून जे काही आठवड्यांत झाले, त्यासाठी बाकीची लाखो माणसे वर्षानुवर्षे जिल्हा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत आहेत. त्यांच्या दृष्टीने व्हिसाचा नकार हीसुद्धा चैनच.

शेवटी आपल्या स्वतःच्या दाराबद्दल. २०२३ च्या सुरुवातीला परभणीहून चैत्यभूमीपर्यंत धम्मपदयात्रा निघाली, थायलंडचे शंभराहून जास्त भिक्खू महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून चालले, गावोगाव आपल्या आयाबहिणींनी त्यांना भोजनदान दिले. थाई पर्यटकांना भारताचा ई-व्हिसा २०१४ पासून, ही योजना सुरू झाली तेव्हापासून मिळतो. युरोपच्या मानाने ते सोपे आहे, हे मान्य. पण तो अर्ज एकदा उघडून वाचा. त्यात अर्जदाराला धर्म विचारला आहे. आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का, हे विचारले आहे. पर्यटकाने अजिंठा पाहण्याआधी भारत सरकारला आपला धर्म का सांगायचा? नातवाने आजोबांच्या जन्मगावाचा हिशेब का द्यायचा? युरोपच्या चौकटींवर आपण बोलतोच आहोत, तर या दोन रकान्यांबद्दलही आपल्या खासदारांना लिहायला हवे. येत्या ६ डिसेंबरपर्यंत ज्या ज्या संघटना निवेदनांचे मसुदे करतील, त्यांनी हा मुद्दा त्यात घालावा. मसुद्याचे काम मी करून देईन.